पुढे गेलेलं घड्याळ

बंगळुरूच्या मारतहळ्ळीत अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. सिल्क बोर्ड किती लांब, असं विचारलं तर ‘आत्ता निघालात तर तास, जेवून निघालात तर दीड’ असं उत्तर येतं. अचूक वेळ प्रत्येकाच्या खिशात आहे. त्या वेळेला पोचत मात्र कुणी नाही.

अशा ठिकाणी आजोबांचं ठोक्यांचं घड्याळ चालू करायचा घाट मी घातला. न्यूयॉर्कच्या अन्सोनिया कंपनीचं हे घड्याळ बनलं साहेबाच्या शेकोटीवरच्या फळीसाठी. आजोबांच्या गिरगावात शेकोटी कुठली? ते पुस्तकांच्या कपाटावर बसलं. १९०६ साली देशात प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ सोडली नाही. महापालिका तर १९५५पर्यंत तिलाच धरून होती. भेट ठरवताना ‘कुठल्या टायमाने?’ हे आधी विचारून घ्यावं लागे. आज बायकोच्या मीटिंगा कॅलिफोर्नियाच्या वेळेने चालतात, हिवाळ्यात साडेतेरा तास मागे. एका घरात दोन वेळा नांदवणं आमच्याकडे वडिलोपार्जितच म्हणायचं.

चिक्कपेटेतल्या म्हाताऱ्या कारागिराने आधी स्प्रिंगचा ताण हळूहळू उतरवला. भरलेली स्प्रिंग सुटली तर बोट घेऊन जाते. मग पितळी पट्ट्या सुट्या केल्या. आतलं तेल वाळून त्याचा काळा गोंद झाला होता. प्रत्येक भोक त्याने अणकुचीदार काडीने कोरून साफ केलं आणि तेलाचा एकेक थेंब फक्त आसांच्या टोकांना दिला. दात्यांना तेल दिलं की धूळ मुक्कामाला येते, म्हणाला. शेवटी डोळे मिटून टिकटिक ऐकली. लंगडते आहे असं वाटल्यावर लंबकाला ढकलणारी तार किंचित वाकवली, तेव्हा कुठे ‘टिक’ आणि ‘टक’ सारख्या अंतराने पडू लागले.

ठोक्यांची भानगड वेगळी. ते मोजणारं खाचांचं चाक काट्यांकडे बघतच नाही. चारनंतर पाच, पाचनंतर सहा, एवढंच त्याला ठाऊक. काटे भलतीकडे नेले की सातला चार ठोके देऊन मोकळं. तेव्हा काटे मागे फिरवायचे नाहीत, अशी कारागिराची सक्त ताकीद. मागे पडलं तर पुढे न्यायचे, वाटेतल्या प्रत्येक तासाचे ठोके पुरते पडू द्यायचे.

“आणि दहा मिनिटं पुढे गेलं तर?” मी विचारलं.

“लंबक धरायचा आणि दहा मिनिटं बसायचं.”

आता रविवारी किल्ली देताना घड्याळ थोडं पुढे गेलेलं निघावं, अशीच माझी इच्छा असते. मारतहळ्ळीत गाडीत न बसता दहा मिनिटं स्वस्थ बसायला इतकं सबळ तांत्रिक कारण मला दुसरं मिळालेलं नाही.