पुढचा प्रयोग पुनर्विकासानंतर

परळचा नाटकांचा दामोदर हॉल पुनर्विकासासाठी 1 नोव्हेंबर 2023 पासून बंद झाला म्हणून रंगकर्मींनी केवढा गळा काढला! 1922 साली उभी राहिलेली वास्तू शंभरी ओलांडून गेली, यात रडण्यासारखे काय? परळात एवढी वर्षे एका जागी टिकणे हाच खरा अपराध. गिरण्यांना तरी कुठे इतकी सवलत मिळाली?

मूळ दोष ना. म. जोशींचा. 1911 मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगाराला वाचनालय, रात्रशाळा, वर करमणूकही लागते, असा भलताच समज करून घेतला. झाले! दिवसभर मागावर उभा राहणारा माणूस रात्री तोंडाला रंग लावू लागला. लीगच्या या हॉलला नाव गिरणीमालक घराण्यातल्या सेठचे, आत गर्दी कामगारांची. त्यात कोकणातली मंडळे नमन, जाखडी, शक्ती-तुरा घेऊन हजर. तिकिटे चाळीत खपवायची आणि उरलेल्या पैशांत गावच्या देवळावर कौले चढवायची. मुंबईतल्या मोक्याच्या जागेची कमाई अशी थेट गुहागर-लांज्याला! कुठल्या ताळेबंदात बसते हे?

1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, पुढे मॉल आले, कामगार विरार-बदलापूरला पांगला. पण खोड जाईना. राहायचे विरारला आणि हसायला यायचे परळला! लोकलवर केवढा ताण!

नव्या इमारतीत नाट्यगृह असेलच, असे आश्वासन आहे. ठेवा विश्वास. मुंबईच्या पुनर्विकासात काहीही नाहीसे होत नाही. ते फक्त आक्रसते, वरच्या मजल्यावर जाते आणि त्याचे भाडे वाढते. ते भाडे गावच्या मंडळाला परवडेल का, ही शंका विकासविरोधी आहे. आणि नाहीच परवडले, तर मंडळींनी थोडे काळाबरोबर चालावे. नमनातल्या संकासुराच्या उंच टोपीवर बिल्डरची जाहिरात सहज मावेल. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट पेंद्या पूर्वापार अडवतोच. आता त्याने दही-दूध न मागता पार्किंगची पावती फाडावी. पुढचा खेळ नव्या नाट्यगृहात लावायचा तर अनामत रक्कम तरी त्यातून सुटेल.