बिनसनदी वकील

कोकणातल्या प्रत्येक तिठ्यावर एक तरी वकील असतो. त्याच्याकडे सनद नसते, काळा कोट नसतो, अशील तर नसतातच. पण जमिनीचा एक जुना दावा असतो. आजोबांनी लावलेला, वडिलांनी वाढवलेला आणि त्याने निष्ठेने चालू ठेवलेला. कुडाळ-मालवण रस्त्यावर धामापूरला असेच एक वकील आहेत. त्यांचे खरे नाव आता फक्त रेशन दुकानदाराला ठाऊक असावे. “काय वकिलांनू?” अशी हाक आली की ते चहाचा ग्लास खाली ठेवतात आणि मत देतात. मत तयारच असते, विषय मागाहून येतो. एसटीची वाट बघणारी माणसे हा त्यांचा हक्काचा श्रोतृवर्ग, आणि एसटीही त्यांना सांभाळून घेत उशिरा येते.

कायद्यावर त्यांचा विशेष जीव. एखाद्या पोराने पुढाऱ्याची टिंगल करणारे स्टेटस ठेवले की वकील गंभीर होतात. “काढ ता आधी. ६६ अ लागतला.” माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केले, हे मी एकदा सांगून पाहिले. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरापायी अटक झाली आणि त्यातून तो खटला उभा राहिला, हेही सांगितले. वकिलांनी शांतपणे ऐकून घेतले. “कलम मेला ता खरा,” ते म्हणाले, “पण भूत रवला मां!” सगळे हसले. गंमत अशी की रद्द झालेल्या त्याच कलमाखाली पोलीस अजून गुन्हे नोंदवतात हे २०२१ मध्ये समोर आले, तेव्हा खुद्द सर्वोच्च न्यायालय थक्क झाले होते. वकिलांचे कायद्याचे ज्ञान मी तेव्हापासून तपासत नाही. त्यांचे भुतांचे ज्ञान पक्के आहे, तेवढे पुरते.

भुतांवरून आठवले. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेवर वकिलांचा दात आहे. तिचे चित्रीकरण आपल्याच जिल्ह्यात, आकेरीला झाले, म्हणून तो दात जरा जास्तच खोल. “सगळ्या मुलखाची बदनामी केल्यानी. मुंबयचे पावणे येतत आणि इचारतत, भूत खंय रवता? जसा काय आमी भुताकडसून घरपट्टी घेताव!” मालिकेच्या तिन्ही पर्वांतला एकही भाग न चुकवल्यामुळे हे मत त्यांना अधिकारवाणीने देता येते.

२०२५ मध्ये जिल्हा प्रशासनाने कारभारात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली, तेव्हा तिठ्यावर नवा उत्साह संचारला. वकिलांनी खिशातून सातबाऱ्याची घडी बाहेर काढली. ती कायम त्यांच्याजवळ असते. घड्यांवर कागद विरलाय, काही नावे घडीतच गेली आहेत. तरी खातेदार संपत नाहीत. कोण लालबागला, कोण डोंबिवलीला, कोण मस्कतला आणि पुष्कळसे थेट वरती. “ह्या एआयक सांग,” ते म्हणाले, “माझा एकच काम कर. ह्या सगळ्यांच्यो सह्यो एका कागदार घी. मगे मी तेका देव म्हणतंय. गाऱ्हाणा घालूकय मीच येतंय.”

आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राकरवी परवानगीविना नक्कल करायला मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मनाई केली. ही बातमी वाचून मात्र वकील दिवसभर अस्वस्थ होते. कारण दर गणपतीत ते ‘वस्त्रहरण’ नाटकातल्या तात्या सरपंचाचा, म्हणजे मच्छिंद्र कांबळींचा, आवाज काढतात. “यंत्रान काढल्यान तर गुन्हो. मगे मी काढतंय तेचा काय?” चहावाला गाळणी आपटत म्हणाला, “तुमका भिया नाय वकिलांनू. तुमी कोणाचो आवाज काढतास ता आजून कोणाक कळाक नाय.” प्रकरण तिथेच निकालात निघाले.

खासगीपणा हा मात्र वकिलांचा बालेकिल्ला. तो मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने ठरवले. त्या प्रकरणातले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारच्या विरोधात याचिका केली तेव्हा त्यांचे वय ८६ होते. निकाल वकिलांनी वाचलेला नाही, पण एवढ्या एका गोष्टीवरून पुट्टस्वामींना त्यांनी आपले मानले आहे. “ह्या वयात नवो दावो! आमच्यातलोच तो.”

मागे एकदा धामापूरच्या तलावाच्या काठी, भगवतीच्या देवळापाशी, एक तरुण जोडपे ड्रोन उडवत होते. वकील लुंगी सावरत पोचले. “परवानगी खंय हा? वाडीची सगळी परसां दिसतत तेच्यात. प्रायव्हसी म्हणान काय आसा की नाय?” पोराने घाबरून ड्रोन उतरवला. मग वकिलांचा आवाज मऊ झाला. “खंयचे तुमी?” पुण्याचे. “ता झाला, पण मूळचे?” पुढे आडनाव, कुलदैवत, कंपनी, पगार, त्यातला हातात येणारा पगार, फ्लॅटचा हप्ता, लग्न कधी झाले आणि मग ओघानेच, आजून मूल कित्याक नाय. ड्रोनला वरून जे कधीच दिसले नसते ते सगळे वकिलांनी खालून पाहून घेतले. शेवटी स्वतःचा फोन पोरापुढे धरला. “ह्येचा व्हॉट्सॅप अडाकता, बघ जरा. पासवर्ड नातवाच्या जन्माचा साल.” आणि नातू कोणत्या साली जन्मला, ते देवळातल्या पुजाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले.

ही कुठली प्रायव्हसी, असे मी परतताना विचारले. वकील रस्त्यातच थांबले. “मी तेका इचारलंय, तसा माझाय सगळा सांगलंय. माझो दावो, माझी शुगर, झिलाचा लगीन मोडला ता. उद्या तो माका फशी घालूक बघीत, तर माकाय तेचो पत्तो म्हायत. पण ह्या फोनान माझा सगळा काढून घेतल्यान. सोताचा कायेक सांगल्यान? तेचो बापूस कोण, ता तरी?” मी गप्प बसलो. न वाचता आपण ‘मान्य’ दाबतो त्या लांबलचक अटींमध्येही याचे उत्तर कुणी दिलेले नसते.

त्यांच्या या मताला धामापुरात दाखलाही आहे. हा तलाव १५३० मध्ये विजयनगरच्या राजाचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधून घेतला. २०२० मध्ये तो सिंचनविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाच्या जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत गेला. गावाची आठवण मात्र वेगळी. लग्नकार्य निघाले की फुलांचे दागिने परडीत ठेवून पाण्यात सोडायचे, देवी ते सोन्याचे करून द्यायची, आणि कार्य उरकले की सोने पाण्याला परत करायचे. एकाने ते परत केले नाही, तेव्हापासून देवीने देणे थांबवले, अशी आख्यायिका आहे. वकील ती पुढल्या पिढीसाठी सोपी करून सांगतात: “देवीन आधार मागूक नाय, ओटीपी मागूक नाय. इस्वासार दिल्यान. एकान बुडवल्यान. सर्व्हिस बंद! आणि तेच्या पापान आज आमका केवायसी लागता.”

वैयक्तिक माहिती वापरायची तर संमती घ्यावी, असे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो. तो फक्त डिजिटल माहितीला लागू आहे, तोंडी बोलण्याला नाही, हे कळल्यावर वकिलांना केवढे हायसे वाटले. “म्हणजे गजाली मोकळ्यो!” मी मात्र हे सगळे टंकून छापायला देणार, म्हणून त्यांची रीतसर संमती मागितली. त्यांनी चष्मा लावला, विचार केला आणि अटी घातल्या. नाव घालायचे नाही. वाडी घालायची नाही. दाव्याचा नंबर तर मुळीच नाही, समोरचा पक्ष वाचील. मी सगळे कबूल केले. एसटीच्या पायरीवर पाय ठेवतो तोच मागून हाक आली.

“नाव नको म्हटलंय हां! पण फोटो घाल. मागे तलाव दिसाक व्हयो.”