आण्णांचा निवांत दिवस

कोल्हापूरचा माणूस सहलीला निघाला की डिकीत कपड्यांच्या आधी कांदा-लसूण चटणीचा डबा जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या आण्णांची वेगळी ओळखही नको. ते तुमच्या गल्लीतही आहेत. फोंडा घाट उतरून आम्ही मालवणात पोचलो, तेव्हा गाडीत एकमतानं ठरलं होतं की मधला एक दिवस काहीही करायचं नाही. ठरवणारे आण्णाच होते.

त्या दिवशी पहाटे सहाला दारावर थाप. "उठा की! निवांत फिरायचं न्हवं?"

चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढायचं काम चाललेलं. दोन्ही बाजूंना माणसं दोर कमरेला टेकवून, उलट पावलांनी वाळू तुडवत जाळं आत आणत होती. आण्णांनी लेंगा गुडघ्यापर्यंत सारला, तालमीतल्या पवित्र्यात उभे राहिले आणि कुणी बोलावलं नसताना दोराला लागले. अर्ध्या तासानं तळहात सोलले, पण चार बांगडे मिळाले. मग वाळूत बसून, समुद्राकडे बघत, त्यांनी पहिला शेरा मारला. "हाय, बरा हाय. पण आमच्या रंकाळ्याला जी शांतता हाय, ती हितं न्हाई. उगंच आदळआपट."

इथून पुढं दिवसभर रंकाळा. समुद्रावर वारा आहे, पण रंकाळ्याचा वारा अंगाला लागत नाही. समुद्राला किनारा आहे, पण संध्यामठ कुठं आहे? आणि नंदी? रंकाळ्याच्या वाटेवरचा तो नंदी रोज गव्हाभर पुढं आणि तांदळाभर मागं सरकतो, ज्या दिवशी तळ्याला पोचेल त्या दिवशी प्रलय. "असलं काय हाय का तुमच्याकडं?" हे त्यांनी होडीवाल्याला विचारलं. तो बिचारा इंजिन चालू करायच्या खटपटीत होता. रंकाळ्यातल्या केंदाळाचा विषय मी काढला, तर आण्णांना ऐकू आलं नाही.

सिंधुदुर्गावर ते जरा गप्प होते. महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवराजेश्वराच्या देवळात आण्णा हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, संपला रंकाळा. पण बाहेर येताच त्यांना इतिहास आठवला. 1765 साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असलं काहीतरी नाव ठेवलं आणि मग कोल्हापूरकरांकडून पैसे घेऊन परत केला. शेवटी 1812 च्या तहात मालवण कोल्हापूरच्या हातून गेलंच. "म्हंजे हे बंदर आमचंच की!" एवढं बोलून ते धक्क्यावर असे उतरले, जणू तिकीट त्यांनीच फाडायचं. दोनशे वर्षांपूर्वीच्या तहाचा राग त्यांनी शहाळ्याच्या भावावर काढला.

दुपारी खानावळीत सुरमई, तिसऱ्या, वडे. आण्णांनी सोलकढीचा पेला उजेडात धरून पाहिला. "पांढरा रस्सा करताना कुणीतरी चूल पेटवायची इसरलंय." तरीही चार पेले प्यायले. जेवल्यावर झोपायचं हे लेखी ठरलं असतं तरी उपयोग नव्हता. बाजारात खाजं घ्यायला जायचं होतं, कारण निवांत दिवस फुकट घालवायचा नसतो.

संध्याकाळी मी घरमालकीणबाईंपुढं आण्णांची यथेच्छ चेष्टा सुरू केली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमका म्हायती नाय?" त्यांच्या आईला दोन वर्षांपूर्वी ऑपरेशनला कोल्हापूरला न्यावं लागलं. इकडचं आजारपण मोठं झालं की घाट चढतंच. आण्णांची ओळख एवढीच, की ते एकदा इथं मुक्कामाला होते आणि जाताना "कोल्हापूरला या" म्हणाले होते. असं सगळेच म्हणतात. आण्णा मात्र दवाखान्याच्या दारात उभे होते. म्हातारी घरी सुटेपर्यंत दोन्ही वेळचा डबा त्यांच्या घरून, रात्री बाकावर झोपायला तालमीतली पोरं आणि रक्त लागलं तेव्हा अख्खी गल्ली. यातलं एक अक्षर त्यांनी आम्हाला सांगितलेलं नव्हतं. सबंध घाटात रस्सा कसा करतात ते मात्र सांगितलं होतं.

"आणि डिस्चार्ज मिळाल्यावर," बाई म्हणाल्या, "आईक रिक्षात घालून रंकाळो दाखवक घेऊन गेले."

जन्म समुद्राकाठी काढलेली ती म्हातारी. तिनं म्हणे तळं या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिलं आणि विचारलं, "बरां आसा. पण हेका भरती कधी येता?"

आण्णांनी तिला भेळ घेऊन दिली.