इन्व्हर्टरवर कोण कोण?

घरात इन्व्हर्टर घ्यायचं ठरलं की आपल्याला वाटतं, वाद झालाच तर कंपनीवरून होईल, नाहीतर किमतीवरून. हे दोन्ही विषय चहा व्हायच्या आत मिटतात. खरी ठिणगी पडते ती वायरमन कानावरची पेन्सिल काढून विचारतो तेव्हा : "हं, इन्व्हर्टरवर काय काय घ्यायचं?"

हे सरळसरळ खातेवाटप असतं. आमच्याकडे आईने देवघराचा दिवा आणि हॉलमधला पंखा आधीच ठरवून टाकला होता. मुलीने वायफायचं नाव अशा आवाजात घेतलं, जसं अतिदक्षता विभागात ऑक्सिजनचं घेतात. बायकोला मिक्सर हवा होता. "गौरी जेवायच्या दिवशी पुरण निम्मं वाटून झालंय आणि लाइट गेली, तर पाहुण्यांना काय डाळ वाढू?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, पण वायरमनकडे होतं. "वहिनी, मिक्सर घेऊ की. पण मग तो फिरतोय तोवर बाकीच्यांनी श्वाससुद्धा जपून घ्यायचा." मला कुणी काही विचारलं नाही. माझ्या खोलीतला पंखा विरोधी बाकावर गेला. "तुम्ही तेवढा वेळ हॉलमध्ये बसा की," असं ठरलं.

वायरमन म्हणाला ते खरं होतं. दुकानदार 'नऊशे व्हीए' म्हणतो तेव्हा आपण नऊशे वॅट समजून मान हलवतो. हातात येतात सातशेच्या आसपास. मिक्सर एकटाच साडेसातशेचा. इस्त्री हजाराची, गिझर दोन हजाराचा; त्यांनी या बैठकीला येऊच नये. व्हीएचा आकडा सांगतो, एका वेळी किती झेपेल. किती वेळ झेपेल ते बॅटरी सांगते, आणि दुकानात ही दोन उत्तरं हमखास एकमेकांच्या जागी दिली जातात. बारा व्होल्टची दीडशे एएचची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. पण साधी पाण्याची बॅटरी तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, शिवाय इन्व्हर्टर स्वतःचं कमिशन कापून घेतो. तेव्हा हजार-अकराशे धरून चालावं. जुना पंखा 75 वॅट, एलईडी ट्यूब 20, राउटर 10. दोन पंखे, तीन ट्यूब आणि वायफाय मिळून 220; म्हणजे पाच तास निवांत. त्यात मोठा टीव्ही लावला की गाडी साडेतीन तासांवर येते. याउलट पंखे बीएलडीसीचे घेतले, तर एकेकाला तीसच वॅट लागतात, आणि माझ्यासारख्या अपक्षाचाही नंबर लागू शकतो. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, हा माझा सल्ला आमच्या घरात अजून विचाराधीन आहे.

फ्रिजबद्दल एकच सांगतो. त्याचा कॉम्प्रेसर चालू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, म्हणून लहान इन्व्हर्टर तिथे मान टाकतो. आणि दार बंद ठेवलं तर दोन-तीन तासांत आतलं काही बिघडत नाही. पण लाइट गेल्यावर दर दहा मिनिटांनी 'आत गार आहे ना' हे दार उघडून बघणारं एक माणूस प्रत्येक घरात असतं. नाव सांगत नाही. पंखा हॉलमधला आहे.

साधारण 2005 नंतरची सात-आठ वर्षं ज्यांनी महाराष्ट्रात मुंबईबाहेर काढली, त्यांना हे सगळं शिकवावं लागत नाही. भारनियमनाचं वेळापत्रक तेव्हा पेपरात यायचं आणि राशिभविष्याच्या आधी वाचलं जायचं. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी जास्त, तिथे अंधार जास्त, असा हिशेब होता. त्यामुळे कोणता भाग किती बिलं भरतो, हे स्थळं बघणाऱ्यांनाही कळत असे. तेव्हाचे इन्व्हर्टर बहुतेक स्क्वेअर वेव्हचे. त्यांच्यावर पंखा असा घुमायचा की झोप लागलीच, तर स्वप्नात पिठाची गिरणी यायची. आता साइन वेव्हचा इन्व्हर्टर सहज मिळतो, तोच घ्यावा.

आता न्यूट्रल. हा विषय कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. जुन्या घरांत सगळ्या पॉइंटांचा न्यूट्रल एकत्र बांधलेला असतो. इन्व्हर्टर जोडताना घाईतला माणूस फेज तेवढा वेगळा करतो आणि न्यूट्रल तसाच ठेवतो. दिवे लागतात, पंखे फिरतात, पैसे घेऊन माणूस जातो. मग रात्री आरसीसीबी पडायला लागते. आरसीसीबीचं काम इतकंच : जेवढा करंट फेजमधून गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे बघणं. तीस मिलिअँपचा फरक पडला तरी ती खटका पाडते, कारण तो फरक कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. न्यूट्रल दुसऱ्याच वाटेने घरी आला की तिचा हिशेब जुळत नाही. आम्ही ज्याला पहिल्यांदा बोलावलं, तो तिच्याकडे बघून म्हणाला, "साहेब, ही उगाच नाटकं करती. काढून डायरेक्ट करतो." असं म्हणणाऱ्याला चहा द्यावा, गाडीपर्यंत सोडायला जावं आणि परत बोलावू नये. दुसऱ्या वायरमनने इन्व्हर्टरच्या पॉइंटांना न्यूट्रल वेगळा ओढून दिला; भिंतीवर पट्टी दिसते, म्हणून बायको अजून नाराज आहे, पण आरसीसीबी शांत आहे. तिच्यावर एक 'टेस्ट'चं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघावं. आमच्या ओळखीत ते बटण शोभेचं समजून त्यावर रंग मारलेलं एक घर आहे.

आणि हे मात्र पाठ करा. मेन स्विच बंद केला म्हणजे घर मेलं असं नाही. मेन पडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानदारीने 230 व्होल्ट वायरीत सोडतो. बोर्डात हात घालायचा तर आधी इन्व्हर्टरही बंद करायचा, मग टेस्टर लावायचा, मग हात. आमचे एक काका मेन पाडून, शेजाऱ्यांना बोलावून, निर्धास्तपणे होल्डर बदलायला चढले होते. उतरताना त्यांनी स्टूल वापरलं नाही.

बॅटरीची जागा आपल्याकडे जिन्याखाली, चपलांच्या कपाटात, वर सतरंजी घालून. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो. तिला हवा लागते, आणि तिच्याशेजारी उदबत्ती लागत नाही. पाणी डिस्टिल्डच घालायचं. एसीच्या नळीचं पाणी "तेही डिस्टिल्डच की हो" म्हणून बादलीत साठवणारे काटकसरी लोक मला माहीत आहेत. त्या पाण्यात कॉइलवरची धूळ आणि धातू असतात, आणि बॅटरी ते विसरत नाही.

पण या सगळ्यावर मात केली ती कोल्हापूरच्या साडूंनी. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान म्हटल्यावर साडूंनी गच्चीवर पॅनेलं बसवली आणि जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट भंगारात घातला. "आता आपलं स्वतःचं वीजकेंद्र!" एका किलोवॅटला दिवसाकाठी सरासरी चार युनिट धरतात. साडू रोज रात्री आकडा पाठवायचे : 'आज 13.' ढगाळ दिवशी पाठवायचे नाहीत. शेजारच्या नारळाची एक झावळी दुपारी तीननंतर एका पॅनेलवर सावली टाकते आणि रांगेतली बाकीची पॅनेलंही ढिली पडतात, यावरून शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं. बाकी सुख होतं.

मे महिन्यात आम्ही जेवायला गेलो होतो. भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना लाइट गेली आणि डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला. सगळ्यांनी साडूंकडे बघितलं. साडूंनी छताकडे बघितलं. गच्चीवर तीन किलोवॅट पॅनेलं झगझगत होती आणि खाली सासूबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

त्यात बिघाड काहीच नव्हता. ऑनग्रिड इन्व्हर्टर बाहेरच्या लाइनचा हात धरूनच चालतो. ती गेली की तो मुद्दाम स्वतःला बंद करून घेतो. नाहीतर लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसेल. लाइट गेल्यावरही सूर्य वापरायचा असेल, तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. हे साडूंना बसवणाऱ्याने सांगितलं होतं म्हणे, पण ते त्या वेळी नारळाकडे बघत होते.

"पण बिल बघा माझं!" असं म्हणत साडू आत गेले आणि महिन्याचं बिल घेऊन आले. ते हातोहात फिरलं. आकडा खरंच हेवा वाटावा असा होता. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी ते काही परत दिलं नाही. लांबट कागद होता, वारा बरा लागत होता. सासूबाईंनी मागच्या महिन्याचंही मागवलं.