आद्याक्षरांचे नगर

नवी मुंबई हे शहर आधी आद्याक्षरांत वसले आणि इमारती मागाहून उभ्या राहिल्या, असे म्हटल्यास इतिहासाशी फारशी प्रतारणा होत नाही. कारण १९७० साली सिटी अँड इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या ऐसपैस नावाचे महामंडळ स्थापन झाले, त्याचे लगोलग 'सिडको' झाले आणि मूळ नाव कागदपत्रांच्या शिरोभागी निवृत्तिवेतन घेत बसले. पुढे बेलापूरचा मध्यवर्ती व्यापारी भाग 'सीबीडी' झाला, वाशीची कृषी उत्पन्न बाजार समिती 'एपीएमसी' झाली (त्यातील 'एम' मार्केटचाच असूनही रिक्षावाल्याला 'एपीएमसी मार्केट' असेच सांगावे लागते), आणि विमानतळाच्या प्रभावक्षेत्राच्या इंग्रजी नावातून 'नैना' अवतरली, जिच्यामुळे जमिनींचे भाव वाढले असे ऐकून नवख्या माणसाने चपापावे.

अशा नगरात लॅटिन परकी वाटण्याचे कारणच नव्हते. शाळेच्या खिडकीशी उभा असलेला पालक "बोनाफाईड काढायचंय" म्हणतो, तेव्हा 'सद्भावपूर्वक' एवढाच अर्थ असलेला तो शब्दप्रयोग शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही असलेला कागद होऊन बसलेला असतो. 'कोरम' हे तर मुळात 'ज्यांच्यापैकी' अशा अर्थाचे निव्वळ सर्वनाम. पण गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत ते भरत नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे तीच आठ-दहा माणसे, मधल्या वेळेत चहा घेऊन, तेच ठराव सर्वानुमते संमत करतात.

खरा अनर्थ मात्र 'आय. ई.' आणि 'ई. जी.' या जोडगोळीमुळे होतो. पहिले 'इद एस्त', म्हणजे 'अर्थात', आणि दुसरे 'एक्झेम्प्ली ग्रातिया', म्हणजे 'उदाहरणार्थ'. पहिल्याने यादी बंद होते, दुसऱ्याने ती उघडी राहते. सूचनाफलकावर "पाळीव प्राण्यांना, आय. ई. कुत्र्यांना, लिफ्टमध्ये मज्जाव" असे झळकले, की मांजराचा मालक, व्याकरणाच्या पूर्ण संरक्षणाखाली, टोपलीसह सातव्या मजल्यावर जाण्यास मोकळा होतो. यावर मराठी सचिवाजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे 'ता. क.', अर्थात ताजा कलम, जो पत्र संपल्यानंतर सुचलेल्या शहाणपणासाठी राखून ठेवलेला असतो. त्यात "मांजरेसुद्धा" एवढे वाढवले जाते. पोपट तरीही सुटतोच.