साइडकाका

दहावीच्या निकालात कोकण मंडळ राज्यात पहिलं, ही बातमी देवबागात कुणी बातमी म्हणून वाचत नाही. २०१२ साली या मंडळाची पहिली परीक्षा झाली आणि तेव्हापासून ते पहिलंच येत आलंय. पोरगं पास होणार हे घरात धरूनच चाललेलं असतं. घोर लागतो तो पुढचा. पास झालेल्याला आता घालायचं कुठल्या साइडला? आर्ट्स, कॉमर्स की सायन्स? आणि सायन्स, तर ग्रुप कुठला? या घोरावर आमच्याकडे एकच उतारा आहे आणि त्याला सगळं गाव साइडकाका म्हणतं.

असे काका सगळीकडे असतात. पुण्यात ते सोसायटीच्या बाकावर बसतात, डोंबिवलीत लोकलच्या दारात उभे राहतात. तिथे त्यांना टाळता येतं. देवबागात ती सोय नाही. तारकर्ली मागे टाकली की जमीन निमुळती होत जाते. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये माडांची पट्टी आणि त्या पट्टीतून संगमाकडे जाणारा एकच रस्ता. काकांचं घर या रस्त्याला लागून. क्लासला जा, बाजाराला जा, मयताला जा, काकांच्या पडवीसमोरूनच जावं लागतं आणि पडवीत काका असतातच. मार्क कमी पडलेल्या एका पठ्ठ्याने निकालाच्या संध्याकाळीच होडीने खाडी ओलांडून पलीकडे कोरजाईला आजोळी मुक्काम हलवला होता. आठवड्याने परतला, तर होडी लागली तिथे काका योगायोगाने उभे होते.

मोसमही काकांच्या बाजूचा. जूनच्या एक तारखेपासून यांत्रिकी मासेमारी बंद, स्कूबा आणि पॅरासेलिंग त्याआधीच गुंडाळलेलं, होड्या वर ओढून झाकलेल्या, पाहुण्यांच्या खोल्या रिकाम्या. अकरावीच्या प्रवेशाचा गोंधळ नेमका याच दिवसांत. अख्ख्या गावाला वेळ असतो आणि काकांकडे विषय असतात.

काकांचं स्वतःचं शिक्षण म्हणाल तर जुनी अकरावी. १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली, त्याच्या जेमतेम आधीचे ते. पास झाले आणि मुंबईला गिरणीत चिकटले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, त्यांत काकाही होते. ते थेट गावी येऊन थांबले. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत हे मूळचे देवबागचेच, त्यामुळे काकांना हा सगळा प्रकार घरगुती वाटतो. राग तर नाहीच. उलट बायोलॉजीचं महत्त्व सांगताना ते हाच दाखला देतात.

"बायोलॉजी घेतल्यानी, केईएमाक शिकान डॉक्टर झाले, घाटकोपराक दवाखानो घातल्यानी, आणि बंद काय केल्यानी? गिरणी! मगे दिल्लीक खासदार. म्हणान सांगतंय, बायोलॉजी सोडू नको."

या युक्तिवादात कुठे काय निसटलंय ते पोराच्या लक्षात येईपर्यंत काका गणिताकडे वळलेले असतात.

आता जुन्या अकरावीच्या माणसाला नीट, सीईटी, पर्सेंटाइल हे सगळं येतं कुठून? तर पाहुण्यांकडून. काकांच्या दोन खोल्या आहेत, बाहेर निवास-न्याहारीची पाटी आहे. कोल्हापूर, सांगली, पुण्याची मंडळी डॉल्फिन बघायला येतात. काका त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतात ती सरकारसाठी आणि चौकशी करतात ती गावासाठी. पाहुणा बॅग टेकवतो न टेकवतो तोच, "आपण कुठे असता? मिसेस? मुलगा कितवीला? ग्रुप कुठला?" सुरमईची तुकडी पानात पडते तेव्हा पाहुणा सीईटीच्या राउंडवर आलेला असतो, सोलकढीपर्यंत मॅनेजमेंट कोट्याची फी सांगून मोकळा होतो. त्सुनामी आयलंड बघायला आलेली माणसं इथून आपल्या मुलाच्या अपयशाबद्दल सविस्तर बोलून हलकी होऊन जातात आणि खाली चांगला अभिप्रायही लिहितात. पाहुण्यांच्या वहीत काका नावांपुढे बारीक अक्षरात नोंदी करतात: 'सांगली, सिव्हिल, घरी बसून.' 'पुणे, मुलगी पीसीबी, बीएएमएस.' 'पीसीएमबी, आता बँकेत.'

एकदा एक उपजिल्हाधिकारी बाई कुटुंबासह उतरल्या. काकांनी विचारलं, बारावीला ग्रुप? बाई म्हणाल्या, आर्ट्स. काका दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं, 'अपवाद.' खरं तर आर्ट्स हा शब्द काका आवाज खाली आणून उच्चारतात, घरात कुणाचं दुखणं सांगावं तसा. कॉमर्सबद्दल त्यांचं वाईट मत नाही, मतच नाही. सगळा जीव सायन्सवर, आणि सायन्समध्येही एकाच ग्रुपवर.

"किती पडले?"

"एकोणसाठ टक्के."

"गणितात?"

"एकेचाळीस."

"मगे पीसीएमबी घे."

"काका, माका गणित जमणा नाय."

"जमणा नाय म्हणानच घे. जमता तेका काय, तो खिडकीतसूनय भायर पडात. तुका दारां होयी. दोनय दारां उघडी ठेव. डॉक्टर होऊक नाय तर इंजिनियर."

फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी, चारही. हे उघड्या दारांचं वेड काकांना कुठून जडलं असावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या गावाला यायला-जायला एकच वाट, त्या गावातल्या माणसाला दुसऱ्या वाटेचं अप्रूप असणारच. शिवाय एक दार धाडकन बंद झालेलं त्यांनी परळात पाहिलंय. पण दोन दारं उघडी ठेवून पोरगं मधल्या वाऱ्यात दोन वर्षं कुडकुडतं, ते काकांना दिसत नाही. सकाळी गणित, दुपारी बेडकाचं हृदय, आणि सीईटीला शेवटी एकाच ग्रुपचा अभ्यास झालेला, तोही अर्धा.

विषयांच्या बारीक जोडण्यांतही काका तयार आहेत. दुसरी भाषा म्हणून मराठी घेऊ का, असं एका मुलीने विचारलं. काकांनी तिला आयटी घ्यायला लावलं, मार्क सुटतात म्हणून. "मराठी काय, घराकडे बोलतंसच मा!" त्या घरात चार पिढ्यांत कुणी मराठी बोललेलं नाही, सगळे मालवणी बोलतात. पण सल्ला पाळला गेला.

समुद्राच्या बाबतीत मात्र काकांचं ज्ञान खरोखर पक्कं आहे, आणि तिथेच खरी गंमत आहे. चालायला लागल्यापासून होडीत वाढलेल्या पोराला मर्चंट नेव्हीत अधिकारी व्हायचं तर बारावीला पीसीएममध्ये साठ टक्के लागतात, इंग्रजीत पन्नास, आणि डोळे ठणठणीत. आजोबाने रापण ओढली, बापाने ट्रॉलरवर खलाशी म्हणून रात्री काढल्या, आणि नातवाला मासे 'शिकायचे' तर बारावी सायन्स, मग सीईटी, मग रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षं. हे कॉलेज १९८१ पासून आहे. काकांनी एका रापणकाराच्या मुलाला तिकडे पाठवायचा फार प्रयत्न केला. त्याचा बाप म्हणाला, "चार वर्सां? तवसर मासो ऱ्हवतलो काय?" काकांकडे याचं उत्तर नव्हतं. एलईडी आणि पर्ससीनच्या बोटी किनाऱ्यापर्यंत येऊ लागल्यापासून ते कुणाकडेच नाही.

२०२५ साली अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला. त्याआधी तो थाट मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरता होता. आम्ही मालवणला जाऊन फॉर्म भरून परत यायचो. आता कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीने लिहायची. दहा म्हटल्यावर काका नवे झाले. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बसलं, तरी काकांच्या पडवीत गर्दी हटेना. मालवण, कट्टा, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी असं करत ते एका मुलीला जिल्ह्याबाहेर घेऊन चालले होते. तिची आई इतका वेळ खांबाला टेकून गप्प होती. तिने एवढंच विचारलं, "प्रॅक्टिकल सुटल्यार देवबागची येस्टी गावतली काय?"

पडवीत शांतता पसरली. देवबागच्या किती मुलींची साइड पर्सेंटाइलपेक्षा एसटीने ठरवली असेल, याची नोंद काकांच्या वहीत नाही. ती मुलगी कॉमर्सला गेली. कॉमर्सला प्रॅक्टिकल नसतं.

काकांना खरा धक्का दिला तो वरच्या लोकांनी. आधी २०२१ मध्ये एआयसीटीईने जाहीर केलं की काही इंजिनियरिंग शाखांना बारावीत फिजिक्स-मॅथ्स असलंच पाहिजे असं नाही. मग २०२३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं, बायोलॉजी बारावीनंतर जादा विषय म्हणून दिली तरी नीटला बसता येईल. म्हणजे काका आयुष्यभर ज्या दारांना हात लावून उभे होते, ती दारं बंद होणारीच नव्हती म्हणे. काका आठवडाभर पडवीत दिसले नाहीत. लोक म्हणाले, वयाने थकले. नवव्या दिवशी ते बाहेर आले आणि ताज्या दमाने म्हणाले, "नियम बदलले म्हणजे काय? परत बदलतले! तेवां दोनय दारां उघडी ठेव."

तुम्ही म्हणाल, एवढे सल्ले चुकल्यावर लोक जातात कशाला? त्याचं उत्तर गणपतीत मिळतं. ज्यांचं भलं झालं, ती पोरं मुंबईहून येतात, पेढे घेऊन पडवीत जातात, वाकून नमस्कार करतात. पीसीएमबी सोडून मधूनच बीएला गेलेली पोरंही येतात, पण त्यांची गाडी काकांच्या घरासमोरून जाताना काच वर असते. काका पेढे मोजतात. काचा मोजायची पद्धत नाही. आणि खरं सांगायचं तर आईबापांना काकांकडून अचूक सल्ला नकोच असतो. उद्या पोरगं चुकलं तर चूक कुणाची, याची सोय आधीच झालेली असावी, इतकंच. ती जबाबदारी काका फुकट घेतात. वर चहा पाजतात. शाळेतले गुरुजी यातलं काहीच करत नाहीत.

गेल्या मे महिन्यात कोल्हापूरचे एक प्राध्यापक उतरले होते. फिजिक्सचे, म्हणजे काकांच्या दृष्टीने साक्षात्कारच. काकांनी पापलेट तळायला सांगितलं आणि वही उघडली. पण प्राध्यापकच आधी बोलले.

"तुम्ही मुलांना मार्गदर्शन करता असं रिक्षावाला सांगत होता. आमचा दहावीला आहे. काल समुद्राखाली जाऊन आला आणि आता म्हणतो, कॉलेज नको. तारकर्लीला ती एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे ना, तिथे कोर्स करायचा आणि इथेच राहायचं. पट्टीचा डायव्हर होणार म्हणे. काय सांगू त्याला?"

काकांनी पेन खाली ठेवलं. अशा पोरांना काय लागतं ते काकांना ठाऊक होतं. त्यांचे दोन पुतणे त्याच धंद्यात आहेत. पर्यटकाला हात धरून खाली नेतात ती गोष्ट वेगळी, प्रमाणपत्राला दोनशे मीटर पोहून दाखवावं लागतं, वर दहा मिनिटं तरंगत राहावं लागतं. काकांनी मुलाकडे नीट बघितलं. टक्के विचारले नाहीत, गणित विचारलं नाही.

"पोहता येतं का रे तुला?"

मुलाने वडिलांकडे बघितलं. "नाही."

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी पेन उचललं.

"मग पीसीएमबी."