आडात पाणी कोण ओतणार?

मध्यरात्रीनंतर बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फाटकांपुढे कंपन्यांच्या गाड्यांची रांग लागते. सोलापूर, लातूर, बेळगावहून इथे नोकरीला आलेल्या आपल्या मुलीही त्या गाड्यांतून ये-जा करतात. गाडीत रक्षक असतो, चालकाची नोंद असते, रस्त्याचा माग ठेवला जातो. हा बंदोबस्त सुखासुखी आलेला नाही. त्यामागे एका बाईचं मरण आहे.

१३ डिसेंबर २००५. बेंगळुरूच्या एका कॉल सेंटरमध्ये काम करणारी २८ वर्षांची विवाहिता रात्रपाळीसाठी गाडीत बसली. चालकाने तिच्यावर बलात्कार केला आणि तिचा खून केला. २०१० मध्ये त्याला जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शब्द उच्चारला तो मार्च २०२३ मध्ये: तीस वर्षं तुरुंगवास, सवलत नाही. म्हणजे सव्वासतरा वर्षं न्याययंत्रणा त्याला किती वर्षं आत ठेवायचं, हे ठरवत होती. ते ठरवायलाच हवं होतं. पण मागे राहिलेल्या माणसांचं काय?

कंपनीच्या तेव्हाच्या प्रमुखांवर दुकाने व आस्थापना कायद्याखाली खटला भरला गेला आणि तोही सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला गेला. त्या कलमाखाली जास्तीत जास्त दंड होता १,००० रुपये. रात्रपाळीच्या बाईच्या सुरक्षिततेची किंमत कायद्याने एवढीच लावली होती. मला याची लाज वाटते.

गुन्हा घडला तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेत फक्त कलम ३५७ होतं. भरपाई द्यायची ती दोषी माणसाकडून वसूल करून. ज्याच्या खिशात दमडी नाही, त्याच्याकडून काय वसूल करणार? आणि जो सापडलाच नाही, त्याचं काय? राज्याने स्वतःच्या तिजोरीतून निधी उभारावा, असं सांगणारं कलम ३५७-अ लागू झालं ३१ डिसेंबर २००९ रोजी. न्यूझीलंडने असा कायदा १९६३ मध्येच केला होता. आपण ४६ वर्षं मागे होतो.

पुढे कर्नाटकाने २०११ ची योजना आणली, महाराष्ट्राने २०१४ ची. २०१८ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने स्त्रियांसाठी आकडे घालून दिले: जीव गेला तर ५ ते १० लाख, बलात्कारात ४ ते ७ लाख. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५७-अ चं कलम ३९६ झालं आहे. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते.

मग अडलंय कुठे? अर्जावर अडलंय. मुलगी गेल्यावर सोलापूरहून आलेला बाप आधी शवागाराबाहेर उभा राहतो, मग ठाण्यात. भाषा परकी, शहर परकं. तुमचा हक्क आहे, हे त्याला कोणी सांगायचं? नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सत्र न्यायालयांना बजावावं लागलं की, शारीरिक इजेच्या गुन्ह्यांत, विशेषतः बायका आणि अल्पवयीन मुलं पीडित असतील तर, निकाल देताना भरपाईचा आदेशही द्या. कायदा येऊन पंधरा वर्षं झाली, तरी न्यायाधीशांना आठवण करून द्यावी लागते. तर त्या बापाला कोण आठवण करून देणार?

दुसरी अडचण पैशाची. कायदा म्हणतो, निधी देणारी योजना करा. निधी किती, हे कायदा सांगत नाही. ते दरसालच्या अंदाजपत्रकाच्या मर्जीवर सोडलेलं आहे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? उपचार, समुपदेशन, कोर्टाच्या खेपांचं भाडं, बुडालेली मजुरी हे खर्च पहिल्या दिवसापासून सुरू होतात. ते अंदाजपत्रकाची वाट पाहत नाहीत.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, कर्नाटकाकडे आणि महाराष्ट्राकडेही. पहिली, एफआयआरची प्रत पीडिताला मोफत द्यावीच लागते. तिच्याच पाठीवर भरपाईचा हक्क, प्राधिकरणाचा पत्ता आणि मुदत छापा, कन्नडमध्ये, मराठीत, हिंदीत. दुसरी, अर्ज कुटुंबाने करायची वाट पाहू नका, ठाण्यातूनच प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवा. तिसरी, विधिमंडळात कायदा करून निधीची किमान रक्कम बांधून द्या आणि किती अर्ज आले, किती दिवसांत किती पैसे पोचले, याचा हिशेब दरवर्षी सभागृहापुढे ठेवा.

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांनाही सांगतो. २०१८ च्या योजनेत निधीच्या स्रोतांमध्ये तुमच्या सामाजिक दायित्वाच्या पैशाचंही नाव आहे. तुमचा कारभार रात्री चालतो तो या मुली येतात म्हणून. झाडं लावा, तळी साफ करा, पण पहिला वाटा इथे टाका.

त्या रात्री एक बाई कामावर निघाली होती. तिच्यामुळे गाडीत रक्षक बसला. आता तिच्यासारख्यांच्या घरच्यांना हात न पसरता मदत मिळेल असा कायदा करा. तेवढं देणं आपल्यावर अजून बाकी आहे.